कॅमेऱ्यासमोर सापडलेले घबाड

लास व्हेगास शहरातल्या ‘गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप’ या गहाणवटीच्या दुकानात २००९ सालापर्यंत दिवसाकाठी ७० ते १०० माणसे येत. कुणी घड्याळ गहाण ठेवी, कुणी अंगठी सोडवून नेई. १९ जुलै २००९ रोजी ‘हिस्टरी’ वाहिनीवर या दुकानाची ‘पॉन स्टार्स’ ही मालिका सुरू झाली आणि २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत रोज येणाऱ्यांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. दारात रांगा लागू लागल्या. त्या रांगांत वस्तू विकायला आलेले थोडे होते आणि दुकान डोळ्यांनी पाहायला आलेले फार.

पण रांगेत ताटकळून आत गेलेल्या पाहुण्याला पडद्यावरचे रिक हॅरिसन किंवा त्यांचा मुलगा कोरी गल्ल्यामागे उभे दिसत नसत. वस्तू गहाण ठेवणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी, असे नेवाडा राज्याचा कायदा सांगतो. मालकांचे फोटो काढायला पर्यटकांची झुंबड उडाली की गहाण ठेवायला आलेला माणूसही त्या फोटोत येणार. म्हणून मालिकेतल्या मंडळींनी रोजच्या गल्ल्यावर उभे राहणेच बंद केले. चित्रीकरण असेल तेव्हा दुकान तात्पुरते बंद ठेवून मोजकी गिऱ्हाइके आत घेतली जाऊ लागली. एका खऱ्याखुऱ्या दुकानाचे रोजचे जगणे दाखवणाऱ्या मालिकेने त्या दुकानाचे रोजचे जगणेच बदलून टाकले.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवरचे कार्यक्रम पाहताना घरोघरी एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो, हे सगळे आधी ठरवून केलेले असते. दुसरा म्हणतो, वस्तू तर डोळ्यांसमोर दिसते आहे, खोटे कसे असेल? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. अशा कार्यक्रमाच्या खरेपणाबद्दल तीन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. वस्तू अस्सल आहे का? ती जशी सापडताना दाखवली तशीच सापडली का? आणि तिची सांगितलेली किंमत कुणी खरोखर मोजली का? तिन्हींची उत्तरे सारखी येत नाहीत. प्रेक्षकाचे सगळे लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे असते. खरे नुकसान मात्र बहुतेक वेळा तिसऱ्यात दडलेले असते.

लाट कशी आली

या प्रकाराचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. बीबीसीने १९७९ साली ‘अँटिक्स रोडशो’ सुरू केला. कार्यक्रम एखाद्या गावात मुक्काम करतो, लोक घरातल्या जुन्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकार त्यांची पारख करून सांगतात. १९९७ साली अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने त्याच नावाने आपली आवृत्ती सुरू केली. या कार्यक्रमात खरेदी-विक्री होत नाही. माणूस वस्तू घेऊन येतो, तिची कथा ऐकतो आणि वस्तू घेऊन घरी जातो.

पुढच्या दशकात अमेरिकी टीव्हीचे गणित बदलले. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात पटकथालेखकांचा मोठा संप झाला. पाठोपाठ मंदी आली. वाहिन्यांना स्वस्त कार्यक्रम हवे होते आणि प्रेक्षकांच्या डोक्यात घरातल्या अडगळीतून चार पैसे निघतील का, हा विचार घोळत होता. ‘पॉन स्टार्स’ने वाट दाखवली. १८ जानेवारी २०१० रोजी ‘अमेरिकन पिकर्स’ आली. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या ल क्लेअर या लहानशा गावातून माइक वुल्फ आणि फ्रँक फ्रिट्झ व्हॅन घेऊन निघत आणि शेतावरची कोठारे, बंद गॅरेजे धुंडाळत जुन्या मोटरसायकली, पेट्रोल पंपांवरच्या पाट्या, खेळणी विकत घेत. १ डिसेंबर २०१० रोजी ए अँड ई वाहिनीवर ‘स्टोरेज वॉर्स’ सुरू झाली. भाडे थकलेल्या गाळ्यांतले सामान लिलावात घेणाऱ्या लोकांची ही मालिका. ‘ऑक्शन हंटर्स’, ‘हार्डकोअर पॉन’ अशा आणखी मालिका त्याच सुमारास आल्या.

या मालिकांत नट नसतात, सेट नसतो आणि पटकथालेखक म्हणून कुणाचे नाव झळकत नाही. पण कथा रचणारी माणसे असतात. त्यांना स्टोरी प्रोड्यूसर किंवा स्टोरी एडिटर म्हणतात. शेकडो तासांच्या चित्रणातून वीस-बावीस मिनिटांची गोष्ट निवडणे, कोणते वाक्य कोणत्या प्रसंगाला जोडायचे ते ठरवणे, कुठे ताण वाढवायचा ते पाहणे हे त्यांचे काम. २००६ साली ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या कार्यक्रमाच्या अशा बारा कर्मचाऱ्यांनी संप केला. आम्ही करतो ते लेखनच आहे, तेव्हा लेखकांच्या संघटनेचे संरक्षण आम्हालाही मिळावे, अशी त्यांची मागणी होती. ‘रिअॅलिटी’ नावाच्या गोष्टीला लेखक लागतात, हे त्या निमित्ताने जगासमोर आले.

वस्तू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारे आहे. पडद्यावरच्या वस्तू बहुतेक अस्सल असतात. असाव्याच लागतात, कारण त्या लाखो संग्राहकांच्या नजरेखालून जातात आणि चूक झाली तर कुणीतरी ओळखतेच.

२०१८ साली ‘अमेरिकन पिकर्स’ला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या चेस्टरफील्ड गावाच्या रानात एक गंजलेली गाडी मिळाली. १९६४ सालची इंटरनॅशनल हार्वेस्टर मेट्रो व्हॅन. एरोस्मिथ हा जगप्रसिद्ध रॉक बँड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, नाव होण्यापूर्वी, याच गाडीतून गावोगाव फिरत असे. बँडच्या सुरुवातीच्या काळातले गिटारवादक रे टबानो यांनी ती ओळखली आणि २५ हजार डॉलरला सौदा झाला. गाडीपर्यंतची वाट निर्मात्यांनी किती आधी आखली होती, हा प्रश्न वेगळा. गाडी मात्र तीच होती.

अस्सलपणा तपासण्याचे काम टीव्हीवर किती चोख होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण बीबीसीच्या ‘फेक ऑर फॉर्च्युन?’ या कार्यक्रमाने घालून दिले. २०११ पासून पत्रकार फियोना ब्रूस आणि कलाव्यापारी फिलिप मोल्ड संशयित चित्रांचा छडा लावतात. २०१४ च्या एका भागात इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने मार्क शगाल यांचे म्हणून १९९२ साली एक लाख पौंडांना घेतलेले चित्र तपासाला आले. त्यावर १९०९-१० हा काळ नोंदलेला होता. रंगांचे रासायनिक पृथक्करण केल्यावर त्यात थॅलोसायनिन जातीचे निळे आणि हिरवे रंग आढळले. हे रंग बाजारात आले १९३० च्या दशकात. चित्र नकली ठरले. पॅरिसमधल्या शगाल समितीने तर फ्रेंच कायद्याच्या आधारे ते नष्ट करण्याची मागणी केली. मालकाला आनंदाची बातमी मिळाली नाही, तरी निर्मात्यांनी तो भाग जसाच्या तसा दाखवला.

जाणकार चुकतातही. २०१५ साली चित्रित होऊन २०१६ साली अमेरिकी ‘रोडशो’त दाखवलेल्या एका भागात एक विचित्र मातीचा रांजण आला होता. त्याच्या अंगावर सहा कुरूप चेहरे होते. मालकाने तो एका घरगुती विक्रीत ३०० डॉलरला घेतला होता. तज्ज्ञाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा विसाव्याच्या आरंभीचा ठरवला आणि ३० ते ५० हजार डॉलर किंमत सांगितली. भाग प्रसारित झाल्यावर एका बाईंच्या परिचितांनी रांजण ओळखला. ओरेगन राज्यातल्या शाळेत असताना, १९७० च्या दशकात, मातीकामाच्या तासाला त्या बाईंनीच तो घडवला होता. तज्ज्ञांनी चूक मान्य केली आणि कार्यक्रमाने किंमत तीन ते पाच हजार डॉलरवर आणली. या प्रसंगाची चेष्टा बरीच झाली, पण त्याचे मोल वेगळे आहे. चूक उघड्यावर दुरुस्त झाली, म्हणजे पारखीची प्रक्रिया प्रेक्षकांना तपासता येण्याजोगी होती.

सापडणे

दुसऱ्या प्रश्नापाशी आले की चित्र पालटते. ‘अमेरिकन पिकर्स’ पाहताना वाटते की दोघे मित्र रस्त्याने जाता जाता एखादे पडके कोठार पाहून थांबतात आणि दार ठोठावतात. मालक दार उघडतो आणि त्याच क्षणी कॅमेरा त्याच्या पाठीमागून, घराच्या आतून, पाहुण्यांचे चेहरे दाखवतो. आतला कॅमेरा तिथे आधी गेल्याशिवाय हे दृश्य मिळत नाही. मालकाची परवानगी, चित्रीकरणाचे करार, ध्वनियंत्रणा हे सगळे दार ठोठावण्यापूर्वी उरकलेले असते.

निर्माते हे लपवतही नाहीत. मालिका ज्या राज्यात जाणार तिथल्या वर्तमानपत्रांतून आवाहन छापून येते. आपल्याकडे किंवा ओळखीत जुन्या वस्तूंचा मोठा खाजगी संग्रह असेल तर नाव, ठिकाण, फोन आणि वस्तूंची छायाचित्रे पाठवा. दुकाने, लिलाव, जुना बाजार आम्हाला नकोत. आलेल्या पत्रांतून ठिकाणे निवडली जातात. म्हणजे शोध लागलेला असतो तो आधी कचेरीत, कागदपत्रे चाळताना. पडद्यावर दिसते ती त्या शोधाची पुन्हा केलेली मांडणी.

‘पॉन स्टार्स’मधला तज्ज्ञही तसाच. गिऱ्हाईक अमेरिकी यादवी युद्धातले पिस्तूल काउंटरवर ठेवते, रिक हॅरिसन ‘ओळखीच्या जाणकाराला बोलावतो’ म्हणतात आणि पुढच्या दृश्यात तो हजर होतो. क्लार्क काउंटीच्या संग्रहालयांचे प्रशासक मार्क हॉल-पॅटन या मालिकेमुळे घराघरांत पोहोचले. त्यांचे ज्ञान खरे होते, नोकरीही खरी होती. पण शहरातला कामात गुंतलेला संग्रहालयाधिकारी दर वेळी नेमक्या मिनिटाला मोकळा असणे शक्य नाही. वस्तू आधी निवडल्या जातात, चित्रीकरणाचा दिवस ठरतो आणि त्या दिवसाला जुळेल असा जाणकार बोलावला जातो. अनेक दिवसांची खटपट सहा मिनिटांत बसवायची तर काळ आवळावाच लागतो.

काळ आवळणे आणि वस्तू पेरणे यांत मात्र मोठा फरक आहे. हा फरक न्यायालयापर्यंत नेला तो डेव्ह हेस्टर यांनी.

हेस्टर ‘स्टोरेज वॉर्स’मधले एक प्रमुख बोलीवाले होते. मालिकेचा साचा साधा होता. भाडे थकले की गाळ्याचे मालक कुलूप तोडतात. बोली लावणाऱ्यांना दारातूनच पाच मिनिटे आत पाहता येते. पाऊल आत टाकायचे नाही, कशालाही हात लावायचा नाही. मग लिलाव. दार उघडल्यावर कुणाला भंगार मिळते, कुणाला घबाड. सगळी गंमत त्या अनिश्चिततेत. डिसेंबर २०१२ मध्ये हेस्टर यांनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात वाहिनी आणि निर्मिती कंपनीवर दावा ठोकला. गाळ्यांत मौल्यवान वस्तू आधीच पेरल्या जातात, असा त्यांचा आरोप होता. कचऱ्याच्या ढिगाखाली ठेवलेली मिनी मोटार आणि एल्विस प्रेस्ली यांच्या निधनाची बातमी देणारी वर्तमानपत्रे ही त्यांनी दिलेली उदाहरणे. याबद्दल तक्रार केली म्हणून आपल्याला काढून टाकले, असेही त्यांचे म्हणणे होते.

हेस्टर यांनी ज्या कायद्याकडे बोट दाखवले त्याला इतिहास आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांचे कार्यक्रम तुफान चालत. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण प्राध्यापकाने हर्बर्ट स्टेम्पेल यांना हरवले आणि १ लाख २९ हजार डॉलर जिंकले. देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे उघड झाले की दोघांनाही उत्तरे आधी दिली जात होती आणि स्टेम्पेल यांना हरायला सांगितले होते. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन यांनी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली. त्यानंतर १९६० साली कायद्यात दुरुस्ती झाली. ज्ञान, कौशल्य किंवा नशीब यांवर चालणाऱ्या स्पर्धेत प्रेक्षकांना फसवण्याच्या हेतूने ढवळाढवळ करणे हा गुन्हा ठरला.

प्रश्न असा होता की गाळ्याचा लिलाव ही स्पर्धा आहे का? वाहिनीने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला. मार्च २०१३ मध्ये न्यायाधीशांनी अनुचित व्यापाराचा मुद्दा फेटाळला. पडद्यावर काय दाखवायचे याची निवड ही अभिव्यक्ती आहे आणि तिला संविधानाचे संरक्षण आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. नोकरीवरून काढल्याचा वाद पुढे चालू राहिला आणि २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. हेस्टर नंतर मालिकेत परतलेही. वस्तू पेरल्या होत्या की नाही, या मूळ प्रश्नावर सुनावणी होऊन निकाल लागलाच नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने या खटल्यातून निघालेली गोष्ट इतकीच, पण ती महत्त्वाची आहे: प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकाला उत्तर पुरवणे गुन्हा आहे, मात्र अशा मालिकेच्या मांडणीला अभिव्यक्ती म्हणून संरक्षण मिळू शकते.

किंमत

‘स्टोरेज वॉर्स’च्या प्रत्येक भागाच्या शेवटी हिशेब दाखवत. गाळा ६०० डॉलरला घेतला, आत ४ हजारांचा माल निघाला, नफा इतका. हा आकडा मनात ठसतो. पण ते चार हजार डॉलर कुणी मोजले? बहुतेक वस्तूंची किंमत बोलीवाल्याने जागेवर केलेला अंदाज असते. एखाद्या खास वस्तूची किंमत जाणकार सांगतो. विक्री पडद्यावर होत नाही. सामान हलवायचा ट्रक, हमाली, कचरा टाकायचे पैसे, कर, लिलावगृहाचे कमिशन आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गोदामात अडकलेली रक्कम यांपैकी काहीच त्या हिशेबात धरलेले नसते. दिसतो तो नफा कागदावरचा.

मुळात जुन्या वस्तूला एक किंमत नसतेच. विमा काढताना धरतात ती किंमत सर्वांत चढी, कारण वस्तू गेली तर तशीच दुसरी तातडीने आणायला किती लागतील ते तिथे पाहतात. दुकानातल्या चिठ्ठीवर त्याहून थोडी कमी. लिलावात येईल ती आणखी कमी, शिवाय त्यातून कमिशन कापले जाते. आणि व्यापारी रोख हातावर ठेवील ती सर्वांत कमी. ‘पॉन स्टार्स’मध्ये जाणकार हजार डॉलर सांगतो आणि रिक हॅरिसन चार-पाचशेवर अडून बसतात तेव्हा पाहणाऱ्याला लुबाडणूक वाटते. प्रत्यक्षात हा त्या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. दुकानभाडे, दिवाबत्ती, नोकरांचे पगार, वस्तू महिनोन्‌महिने पडून राहण्याची जोखीम यांचा विचार करूनच व्यापारी भाव करतो. जाणकाराने सांगितलेली आणि हातात पडणारी किंमत यांतली दरी तिथे उघड दिसते.

इतर कार्यक्रमांत ती सहसा दिसत नाही. इंग्लंडमधल्या एका पाद्र्यांनी चेशायरच्या दुकानातून ४०० पौंडांना घेतलेले चित्र बीबीसीच्या ‘रोडशो’त आणले. फियोना ब्रूस यांना ते वेगळे वाटले. साफसफाई आणि तपासणीनंतर ते सतराव्या शतकातल्या अँथनी व्हॅन डाइक यांचे काम असल्याचे ठरले आणि डिसेंबर २०१३ च्या भागात त्याची किंमत सुमारे ४ लाख पौंड सांगितली गेली. जगभर बातमी झाली. पाद्र्यांना त्या पैशातून चर्चच्या घंटा घ्यायच्या होत्या. जुलै २०१४ मध्ये चित्र क्रिस्टीजच्या लिलावात आले, अंदाज तीन ते पाच लाख पौंडांचा. त्या दिवशी ते विकले गेले नाही. सापडल्याची बातमी ज्यांच्यापर्यंत पोहोचली त्यांपैकी किती थोड्या लोकांपर्यंत ही दुसरी बातमी गेली असेल!

किंमत काळाबरोबरही हलते. पीबीएसने आपले जुने भाग पुन्हा दाखवताना एक चांगला पायंडा पाडला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेल्या किमतीशेजारी आजची किंमत झळकते. काही वस्तू वधारलेल्या असतात, काही आहे तिथेच असतात आणि पुष्कळ घसरलेल्या. महोगनीचे अवजड फर्निचर, चिनी मातीच्या भांड्यांचे संच यांची मागणी विसाव्या शतकानंतर ओसरली, कारण नव्या पिढीची घरे लहान झाली आणि आवडी बदलल्या. आजीच्या कपाटाला १९९८ साली सांगितलेला भाव नातवाला मिळत नाही.

सांगितलेली किंमत म्हणजे हाती आलेले पैसे, हा समज किती महागात पडतो ते भारतातही दिसले आहे. जुनी नोट किंवा नाणे लाखो रुपयांना विकत घेऊ, असे आमिष दाखवून आधी शुल्क, कमिशन किंवा कर म्हणून पैसे उकळणाऱ्या टोळ्या रिझर्व्ह बँकेचे नाव वापरू लागल्या. अखेर ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले: आपण अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. खऱ्या पुराणवस्तूंच्या बाबतीत तर भारतातला व्यवहार कायद्याने बांधलेला आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या शिल्प-चित्रांसारख्या वस्तू पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. कोठारातून काढले, व्हॅनमध्ये घातले आणि निघाले, हे अमेरिकी दृश्य इथे लागू पडत नाही.

पारखी

या क्षेत्रातली सर्वांत गंभीर फसवणूक आरडाओरडा करणाऱ्या लिलाव-मालिकेत घडली नाही. ती घडली अमेरिकी ‘अँटिक्स रोडशो’त, म्हणजे सर्वांत सभ्य आणि विश्वासार्ह समजल्या जाणाऱ्या कार्यक्रमात.

तिथले पारखी मानधन घेत नाहीत. त्यांना मिळतो तो नावलौकिक. रस प्रिचर्ड आणि जॉर्ज जूनो हे दोघे यादवी युद्धातल्या शस्त्रांचे जाणकार म्हणून पहिल्या पर्वापासून पडद्यावर होते. १९९७ साली दाखवल्या गेलेल्या एका प्रसंगात एक माणूस जुनी तलवार घेऊन आला. घराच्या माळ्यावर सापडली, लहानपणी आम्ही हिने कलिंगडे कापत असू, असे त्याने सांगितले. जाणकारांनी ती दुर्मीळ ठरवून हजारो डॉलरची किंमत जाहीर केली. प्रसंग इतका गाजला की ‘कलिंगडाची तलवार’ हेच त्याचे नाव पडले. पुढे कळले की तो माणूस त्यांच्याच ओळखीचा होता आणि कथा रचलेली होती. २००० साली निर्मात्या डब्ल्यूजीबीएच संस्थेने दोघांशी संबंध तोडले.

रचलेली कथा हे केवळ साधन होते. टीव्हीवर नाव झाले की ज्यांच्या घरी खऱ्या ऐतिहासिक वस्तू आहेत अशी कुटुंबे आपण होऊन येणार, हा बेत होता. आणि ती आली. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत ज्यांच्या नावाने प्रसिद्ध हल्ला झाला त्या जनरल जॉर्ज पिकेट यांच्या वंशजांकडे त्यांच्या वस्तू आणि कागदपत्रे होती. ती सुमारे ८८ हजार डॉलरला घेतली गेली आणि पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या नियोजित संग्रहालयासाठी जवळजवळ दहापट किमतीला विकली गेली. आणखी एका कुटुंबाला पूर्वजांचा लष्करी गणवेश नकली असल्याचे सांगण्यात आले. तो अस्सल होता आणि नंतर मोठ्या किमतीला विकला गेला. मार्च २००१ मध्ये दोघांवर आरोपपत्र दाखल झाले. दोघांनी गुन्हा कबूल केला. जुलै २००२ मध्ये प्रिचर्ड यांना एक वर्ष एक दिवसाचा तुरुंगवास आणि ८ लाख ३० हजार डॉलरच्या भरपाईचा आदेश झाला.

हे प्रकरण इतके विस्ताराने सांगायचे कारण आहे. कोठाराचे दार दुसऱ्यांदा ठोठावले म्हणून कुणाचे घर बुडत नाही. मोटार कचऱ्याखाली ठेवली असेल तर प्रेक्षकाची करमणूक थोडी खोटी ठरते, इतकेच. पण पारखी खोटे बोलला तर नुकसान होते ते वस्तूच्या मालकाचे, आणि तेही आयुष्यात एकदाच असा व्यवहार करणाऱ्या माणसाचे. त्याला स्वतःला किंमत कळत नाही. टीव्हीवर पाहिलेल्या चेहऱ्यावर तो विश्वास ठेवतो. म्हणूनच जो किंमत सांगतो तोच विकत घेणारा असू नये, ही या व्यवसायातली जुनी आणि शहाणी प्रथा आहे. वस्तू विकायची असेल तर दुसऱ्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या जाणकाराचे मत घ्यावे आणि तशाच वस्तू लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहावे. मोठी लिलावगृहे विक्रीचे निकाल प्रसिद्ध करतात आणि ऑनलाइन बाजारांतही मागितलेला भाव आणि झालेली विक्री वेगवेगळी पाहता येते.

किमतीच्या प्रश्नाला थेट भिडणारा एक साधा कार्यक्रम बीबीसीवर २००० सालापासून चालू आहे. ‘बार्गेन हंट’मध्ये लाल आणि निळ्या पोशाखातल्या दोन जोड्यांना जुन्या वस्तूंच्या जत्रेत एक तास आणि ठराविक रक्कम मिळते, सुरुवातीला २०० पौंड होती, पुढे ३०० झाली. प्रत्येक जोडीने तीन वस्तू घ्यायच्या. सोबतीला जाणकार असतो. मग त्या वस्तू खऱ्या लिलावगृहात, खऱ्या बोलीवाल्यांसमोर जातात. जाणकाराने ८० पौंड येतील म्हटलेली चिनी मातीची थाळी २५ पौंडांना जाते आणि पाटीवर वजाबाकी दिसते. दोन्ही जोड्या तोट्यात जाऊन कमी तोटा होणारी जोडी जिंकते, असे कितीतरी भाग निघतात. इथेही वेळ आखलेली असते, कॅमेरे आधी मांडलेले असतात, संकलनही होते. तरीही शेवटचा आकडा हातोडा पडल्यावर ठरतो आणि तो कुणालाही फुगवता येत नाही. दोन दशकांहून अधिक काळ ब्रिटनमधले लोक दुपारच्या वेळी हा कार्यक्रम पाहत आहेत, तोट्यासकट.